आमच्या पानावर आमचे शब्द छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपर आमच्या घरी रोज येते. जिल्ह्याचं पान सासूबाईला वाचून दाखवावं लागते, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षर त्यांना लागत नाही. परवा त्याच पानावर बातमी होती की पावसानं उघाड दिली तर शेतकऱ्यांनी कपाशीत कोळपणी आणि खुरपणी उरकून घ्यावी. सासूबाई म्हणे कोणती पणी? मी पुन्हा वाचलं, तर म्हणे हे कोणत्या मुलखातलं हाय वं माय, आपल्याकडं कोणी करते का हे. साहेब, त्या बाईची सारी जिंदगी वावरात गेली, गुडघे साबूत होते तोपर्यंत निंदणाची पात धरली की जवान पोरी मागं पडायच्या, आणि त्यांना त्यांच्याच जिल्ह्याच्या पानावर छापलेलं त्यांचंच काम ओळखू येत नाही. म्हणून हे पत्र लिहून राहिली. चुकलं माकलं तर सांभाळून घ्या, मोबाईलवर टाईप करून राहिली आहे.

कोळपणी म्हणजे आमची डवरणी आणि खुरपणी म्हणजे निंदण, हे मला आता माहीत आहे, पण ते पेपर वाचून वाचूनच माहीत झालं. कोल्हापूर-सांगलीकडं तर निंदणाला भांगलण म्हणतात म्हणे. ज्याला तिकडं कुळव म्हणतात तो आमचा वखर, पाभर म्हणजे तिफन, बांध म्हणजे धुरा, सरकीची पेंड म्हणजे ढेप, सालगडी म्हणजे सालदार, आणि शेत किंवा रान म्हणजे वावर, बस. तुरीचं, सोयाबीनचं भुसकट निघते त्याला आम्ही कुटार म्हणतो आणि मळणीच्या दिवसात ते घेण्यासाठी गोठेवाले घरी चकरा मारतात. हे शब्द काही कोण्या म्हाताऱ्याच्या आठवणीतले नाहीत, काल संध्याकाळी आमच्या घरी यातले बहुतेक बोलले गेले. आणि तुमच्याच पेपरमध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला येते तेव्हा त्यात डवरणी लिहिलेलं असते, निंदण लिहिलेलं असते! विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाला चालते तर तुमच्या डेस्कला काऊन चालत नाही हे काही मला समजलं नाही.

त्याच पानावर खाली बाजारभाव असते. कोथिंबीर, कलिंगड, पेरू, शेवगा, लाल भोपळा. दारव्ह्याच्या बाजारात जाऊन कोणी कलिंगड मागितलं तर दुकानदार देईन, नाही असं नाही, आता टीव्हीमुळं सगळ्यांना सगळं समजते, पण तो स्वतः ओरडते टरबूज टरबूज असंच. सांभाराची (कोथिंबिरीची) जुडी, मुंगन्याच्या (शेवग्याच्या) शेंगा, जाम (पेरू), बरबटी (चवळीच्या शेंगा), आलू. टमाटरला आमच्या सासूबाई अजून भेदरं म्हणतात, शेजारची सून नागपूरची आहे ती टमाटर म्हणते, दोघींचं पटते. कोहळ्याचा मात्र खरंच घोळ आहे. आम्ही कोहळं म्हणतो ते तुमचं लाल भोपळा, आणि पुण्याकडं कोहळा म्हणजे तो पांढरा, पेठा करतात तो. म्हणजे भाव छापताना कोहळं लिहिलं तर कोणतं कोहळं हा प्रश्न येणारच, तिथं कंसात लिहा, मी काही अडून बसत नाही.

आता कोणी म्हणेल की विदर्भवाले नेहमीसारखे पुण्याच्या नावानं रडून राहिले. तसं नाही. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, लाखांदूरकडचं, सासर यवतमाळ जिल्ह्यात. दोन्ही विदर्भच. पण धानाच्या मुलखातून कपाशीच्या मुलखात आली तर पहिल्या हंगामात अर्धे शब्द मला नवीनच होते. आमच्याकडं वावराच्या तुकड्याला बांधी म्हणतात, धानाचे पऱ्हे टाकायचे, मग आषाढात चिखल करून रोवणी, मग कापणी न चुरणी, आणि शेवटी तणस राहते ती गुरांना. इथं बांधी नाही, पऱ्हे नाही, तणस पाहायलाही मिळत नाही. इथं पऱ्हाटी. माझ्या कानाला पऱ्हाटी न पऱ्हे सख्खे भाऊ-बहीण वाटायचे आणि असतात काय तर एक कपाशीचं झाड न एक धानाचं रोप. माहेरी पोरीला टुरी म्हणतात, पोराला टुरा, तेच छत्तीसगडकडं पण चालते. इथं पोट्टा न पोट्टी. नवीन नवीन होती तेव्हा सासरे शेजाऱ्याला म्हणे आमच्या घरची पोट्टी मोठी कामाची आहे, मला काही ते बरं लागलं नाही, नंतर समजलं की ती तारीफ होती. आणि आमचं ते वाक्याच्या शेवटचं जी, हो जी, काय करता जी, त्यावरून इथल्या नणंदा माझी किती वर्ष नक्कल करायच्या. आता त्यांच्याच पोरी भंडाऱ्याकडं दिल्या आहेत, जाऊ द्या.

सांगायचं म्हणजे, विदर्भाची म्हणून एकच भाषा काढून तीच सगळ्या पानांवर लावाल तर ते पण चालणार नाही. भंडारा-गोंदियाच्या पानावर भात पिकाचं नुकसान असं लिहिता, तिकडं भात ताटात असते साहेब, वावरात धान असते. तिकडं भात लावणी कोणी करत नाही, रोवणी करतात. तिकडं मामा तलाव म्हटलं की पोरालाही समजते, माजी मालगुजारी तलाव, हजारोंनी आहेत ते पूर्वेकडच्या जिल्ह्यात, आणि लहान असली तर बोडी. इथं यवतमाळात बोडी म्हटलं तर लोक तोंडाकडं पाहतील.

शब्द सारखा न अर्थ वेगळा ही तर वेगळीच गंमत आहे. माझी मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा रूमवरच्या मुलींना म्हणे गंज घासून ठेवला आहे, चहा मांडा. त्या म्हणे कशाला गंज लागला? आमच्याकडं पातेल्याला गंज म्हणतात. परातीला कोपर म्हणतात, उलथन्याला सराटा म्हणतात, आणि पुण्यात कोपर म्हणजे हाताचं कोपर न सराटा म्हणजे पायात रुततो तो काटा. बंडी आम्ही बैलाला जुपतो, ते लोक अंगात घालतात. झाडूला फडा, प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी, सुट्ट्या पैशाला चिल्लर. ऑटो म्हटलं की तिकडं रिक्षा म्हणायचं, आणि आमच्याकडं रिक्षा म्हणजे पायडलची, ती आता दिसतही नाही. हे सगळं तिनं आठ-पंधरा दिवसात शिकून घेतलं, पोरी लवकर शिकतात, आणि त्या मुलींनीही सराटा उचलला, आता त्यांच्या रूमवर सगळ्याच सराटा म्हणतात म्हणे. त्याच्यात मला काही वाईट वाटलं नाही, त्याच्यात तर मजाच आहे.

वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सुट्टीत घरी आली तर फोनवर मैत्रिणीशी बोलताना मी जेवतीये, मी निघतीये, आणि आमच्याशी बोलताना मी जेऊन राहिली, हे ठीक. दोन घरं दोन बोल्या. पण मग ती आजीला शिकवायला लागली, आजी तो जाते नाही गं, तो जातो. आमच्याकडं माणूस असो बाई असो की बैल असो, तो जाते, ती जाते, ते जाते, सगळ्यांना एकच. मले, तुले, बापाले. डोळ्याला डोया, पोळ्याला पोया. आजी दोन दिवस तिच्यापुढं गप गप राहिली. पोरीची चूक नाही, तिला कॉलेजात कोणीतरी हसलं असेल, कोणी हसलं की माणूस ते घरी आणून दुसऱ्याला वाटते. पण म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्याच छपरीत बसून बोलायची लाज वाटावी, हे कुठलं शिक्षण?

आमच्या बोलीवर एक आरोप कायमचा आहे की ही हिंदी मिसळलेली, अशुद्ध मराठी आहे. करून राहिलो म्हणजे कर रहा हूं, आलू म्हणजे आलू. आता १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही मुंबईच्या राज्यात नव्हतोच, नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती, हिंदी न मराठी दोन्ही बाजूला बाजूला नांदायच्या, कचेरीत, बाजारात, रेल्वेत. आमच्या आजोबांनी काय पुण्याचं पुस्तक पाहून आलूला बटाटा म्हणायचं होतं का? आणि बटाटा तरी कुठं आपला आहे, तो पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेला शब्द. इंग्रजांच्या राज्यात ग्रिअर्सन नावाचा आयरिश साहेब होता, त्यानं देशातल्या भाषांची पाहणी केली, तिचा मराठीचा जो खंड १९०५ साली काढला त्यात वऱ्हाडी न नागपुरीचे नमुने छापून ठेवले आहेत, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला ही बोली लिहून ठेवण्यालायक वाटली.

आणि मराठीचा पहिला गद्य ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेता ते लीळाचरित्र म्हाइंभटांनी कुठं लिहिलं? आमच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपुरात. म्हणून तर २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पहिल्या पानावर रिद्धपूरचा फोटो, आणि आतल्या पानावर आमच्याच माणसाला खुरपणी करा. मला हे पाहून हसू आलं, राग नंतर आला.

गाडगेबाबांचं उदाहरण आमच्या गावचे मास्तर नेहमी देतात. बाबा शेंडगावचे, अमरावती जिल्ह्यातले. कीर्तन आपल्या वऱ्हाडीत करायचे आणि नाशिक, पंढरपूर, मुंबई, सगळीकडं लोक बसून ऐकायचे, रात्र रात्र. त्यांनी मुंबईत गेल्यावर बोली बदलली नाही आणि कोणी उठूनही गेलं नाही. लोकाला समजावून सांगायची तळमळ असली तर शब्द आड येत नाही हे खरं आहे. पण हे पण खरं आहे की बाबा समोरच्याला प्रश्न विचारून विचारून बोलायचे, समजलं का नाही ते तोंडावर दिसायचं. पेपरला ते दिसत नाही. पेपर छापून मोकळा होते.

हेच मास्तर मात्र माझ्या या पत्राच्या विरोधात आहेत, ते पण सांगते. त्यांचं म्हणणं आहे की प्रमाण भाषा असते ती सगळ्यांना एकमेकांचं समजावं म्हणून असते, गावोगावचे शब्द छापायला बसले तर सिंधुदुर्गच्या माणसाला गडचिरोलीची बातमी कळणार नाही, आणि पोरांनी स्पर्धा परीक्षेत काय लिहायचं? मला हे अर्धं पटते. पहिल्या पानावर, संपादकीयात, परीक्षेच्या पुरवणीत प्रमाण मराठी लिहा, लिहिलीच पाहिजे. माझ्या पोरीनं तीच शिकून नोकरी लावली. पण जिल्ह्याचं पान सिंधुदुर्गात जात नाही. ते आमच्याच चार-सहा तालुक्यात येते, आमच्याच ओट्यावर वाचलं जाते. ज्या पानाचा वाचक ठरलेला आहे, त्या पानावर त्या वाचकाचा शब्द न छापता दुसऱ्याचा छापायचा, याला प्रमाण भाषा काऊन म्हणावं? कोळपणी तरी कुठं सगळ्या महाराष्ट्राची आहे, ती पण एका भागाचीच बोली आहे, फक्त त्या भागातले लोक आधी पेपरात नोकरीला लागले.

एक गंभीर गोष्ट आहे. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारता मारता विषबाधा होऊन वीसेक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती होती. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, उकाडा, पाठीवर पंप, दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली. शब्दामुळं माणसं मेली असं मी म्हणत नाही, कारणं मोठी आहेत आणि ती तुमच्याच पेपरनं तेव्हा छापली. पण त्यानंतर गावात सूचनांचे कागद वाटले ते मी पाहिले आहेत. संरक्षक साधने परिधान करावीत. द्रावण तयार करताना योग्य ती दक्षता घ्यावी. सालदार तो कागद घेऊन माझ्याकडं आला, म्हणे बाई याच्यात काय लिहिलं आहे? तो शाळा शिकलेला आहे बरं, सातवी. त्यापेक्षा डब्यावरचा रंगीत त्रिकोण बरा, लाल म्हणजे सगळ्यात जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा, ते त्याला एकदा सांगितलं न लक्षात राहिलं. असल्या बातम्या छापताना तरी डेस्कवरच्या माणसानं एकदा विचार करावा की हे कोणी कोणाला वाचून दाखवलं तर ऐकणाऱ्याला उठून काय करायचं ते समजेल का.

सणाचं पण थोडं सांगून घेते. भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या येतात, पेपरात गौरी येतात. ठीक आहे, त्याच आहेत. पण कोजागिरीपर्यंत आमच्या पोरी भुलाबाई मांडतात, गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ वाजवून ओळखायला लावतात, आणि पुरवणीत दर वर्षी भोंडल्याचे फोटो, मधात हत्ती न भोवती फेर. भोंडला चांगलाच आहे पण तो आमचा नाही. पोळ्याचं तर विचारू नका. आमचा पोळा श्रावणाच्या अमावस्येला, दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा, लाकडाचे बैल घेऊन. पुण्याकडं काही गावात तो भाद्रपदात असते, कोल्हापूर-साताऱ्याकडं बेंदूर असते तो आषाढातच होऊन जाते. एका वर्षी आमच्या पानावर पोळ्याच्या महिनाभर आधी बैल सजले असा फोटो होता, सासूबाई म्हणे यांचे बैल लवकर सजले, आपले तर अजून डवऱ्याला आहेत.

आणि हे पण सांगते की सगळेच शब्द वाचवा असं माझं म्हणणं नाही. तिफन आता आमच्याकडंच कुठं राहिली, ट्रॅक्टरनं पेरतात. बंडी गावात बोटावर मोजण्याइतक्या. तणनाशक आलं तसं निंदणही कमी झालं, बायांची मजुरी गेली ते वेगळंच. जे काम गेलं त्याचा शब्द जाईन, त्याला पेपर काय करणार. मी फक्त जे शब्द आजही सकाळी उठल्यापासून तोंडात आहेत त्यांच्याबद्दल बोलून राहिली.

तर मागणं काय आहे ते स्पष्ट सांगते. जिल्ह्याच्या पानावर शेतीची बातमी आमच्या शब्दात द्या, वाटल्यास पहिल्यांदा येईल तिथं डवरणी (कोळपणी) असं लिहा, मग पुढं नुसतं डवरणी. बाजारभावात बाजारातलं नाव लिहा. भंडाऱ्याच्या पानाला भंडाऱ्याचं, यवतमाळच्या पानाला यवतमाळचं. शब्द शोधायला फार खर्च नाही, पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसोबत गावोगाव जाऊन बोलींचं रेकॉर्डिंग केलं आहे, ते इंटरनेटवर फुकट ऐकायला मिळते, माझ्या मुलीनंच मला लावून दाखवलं. आणि त्याहून सोपं म्हणजे तालुक्याचा वार्ताहर आमच्याच भागातला पोरगा असते, तो बातमी पाठवतेच मुळात आमच्या शब्दात, वर गेल्यावर ती बदलते. बदलू नका, एवढंच.

आमच्या बचत गटातल्या बाया यादी करून द्यायला तयार आहेत, भाजीपाल्याची वेगळी, वावरातली वेगळी. कागदावर हातानं लिहून पाठवतो, टायपिंग तेवढं तुमच्याकडं करून घ्या, कारण या मोबाईलवर पऱ्हाटी टाईप करायला गेली की तो दर वेळी त्याची पार्टी करते.

आपली,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ